नागपुरात नवीन आहात? बगीचा, मैदान, पोहणं आणि सायकल यांची घडी अशी बसवा

बदलीवर, शिकायला किंवा नोकरीसाठी नागपुरात आलेल्या माणसाचा पहिला महिना घर, गॅस आणि कूलरमध्ये जातो. दुसऱ्या महिन्यात तो विचारू लागतो की इथे पळायचं कुठे, पोरांना खेळायला न्यायचं कुठे आणि पोहण्याची बॅच कुठे मिळते. जागा शहरात भरपूर आहेत. घोळ होतो तो एकाच गोष्टीने: कुठली जागा कोणाची आहे, हे ठाऊक नसतं. तिकीट, पास, मैदानाची परवानगी, तुटलेल्या झोक्याची तक्रार, सगळं त्यावर अवलंबून असतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

१. आधी मालक शोधा

बगीच्यांचे आणि मैदानांचे मुख्य मालक दोन: महानगरपालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास. प्रन्यास १९३६ सालचा, आणि लोक त्याला सर्रास ‘एनआयटी’ म्हणतात. बाहेरगावचा माणूस इथेच फसतो. एनआयटी म्हटलं की त्याला इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. ते कॉलेज इथे ‘व्हीएनआयटी’. ‘एनआयटीचं गार्डन’ म्हणजे प्रन्यासाचा बगीचा, कॉलेजचा नव्हे.

बाकीचे मालक असे. महाराजबाग कृषी महाविद्यालयाकडे, म्हणजे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. सेमिनरी हिल्सचं बालोद्यान आणि अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वन विभागाकडे. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय वनविकास महामंडळाकडे. मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल राज्याच्या क्रीडा खात्याकडे. कस्तुरचंद पार्कवर कार्यक्रम घ्यायचा तर जिल्हाधिकारी कार्यालय. आणि क्रिकेटची दोन स्टेडियम, सिव्हिल लाइन्समधलं जुनं आणि वर्धा रोडवरचं जामठ्याचं, विदर्भ क्रिकेट असोसिएशनची. सामन्याचं तिकीट काढलं की त्यावर यातलं कुठलं लिहिलंय ते दोनदा वाचा. जामठा शहराबाहेर आहे, आणि सामन्याच्या दिवशी वर्धा रोडवर गाडी चालत नाही, सरकते.

कॉलनीतल्या छोट्या बगीच्यांचा मालक ओळखणं जरा कठीण. लेआउट प्रन्यासाने पाडलेला, मग तो महापालिकेकडे गेलेला, फलक मात्र जुनाच लटकलेला. अशा वेळी फलकावर विसंबू नका. तिकीट किंवा पासची पावती मिळत असेल तर तिचा मथळा वाचा आणि फोटो काढून ठेवा. पावतीच नसेल तर माळीकाकांना विचारा, ‘तुमचा पगार कोण काढतं?’ ठेकेदाराचं नाव सांगतील, आणि ठेका कोणी दिलाय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

महापालिकेची जागा निघाली तर झोन बघावा लागतो. झोन दहा: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. मालमत्ता कराच्या पावतीवर झोन लिहिलेला असतो. भाड्याने राहत असाल तर घरमालकाकडून तेवढं विचारून घ्या.

२. घड्याळ नागपूरचं लावा

पुण्या-मुंबईची सवय इथे चालत नाही. २३ मे २०१३ ला शहरात ४७.९ अंश नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. त्याच मैदानावर, त्याच माणसांनी दोन्ही सोसलं.

मे अखेरीस साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. साधारण २५ मेपासून नवतपा, म्हणजे रोहिणीतले नऊ दिवस. या काळात सात वाजता घरी परत, असा हिशेब ठेवा. सातला निघणं नव्हे. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेलं दिसतं, पण जमीन आणि भिंती तापलेल्याच असतात. कृत्रिम गवताचं टर्फ मातीपेक्षा जास्त तापतं आणि उशिरा निवतं, त्यामुळे उन्हाळ्यात टर्फचा स्लॉट रात्री आठनंतरचाच घ्या. ओपन जिमच्या लोखंडी दांड्यांना दुपारी हात लावू नका. मुलांच्या घसरगुंडीचंही तेच. आधी आपला तळहात टेकवून बघायचा, मग पोराला बसवायचं.

मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावर राहतो, म्हणून कळतो. इथे कोरडी हवा तो लगेच सुकवते. शर्ट कोरडा दिसतो, माणसाला वाटतं घाम आलाच नाही, आणि पाणी प्यायचं राहून जातं. उन्हाळ्यात नव्याने आला असाल तर पहिले दहा-चौदा दिवस २० मिनिटांपुढे जाऊ नका, शरीराला सवय होऊ द्या. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात घोळून पिणं चुकीचं. पुडी नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. खिशात कांदा ठेवायची जुनी रीत आहे, ठेवा बापडे, पण डोक्याला दुपट्टा बांधणं त्याहून कामाचं.

ऊन लागलेला माणूस कसा ओळखायचा? असंबद्ध बोलतो, तोल जातो, अंग भाजतं. त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर मान, काख आणि जांघेत ठेवा, आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

३. कागदांची एक फाईल करून ठेवा

पोहण्याची बॅच, क्रीडा संकुलाचं सदस्यत्व, बगीच्याचा मासिक पास, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच मागतात:

- आधार कार्डाच्या चार झेरॉक्स, प्रत्येकीवर सही आणि ‘फक्त सदस्यत्वासाठी’ असं लिहिलेलं
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- नागपूरचा पत्ता दाखवणारा कागद: भाडेकरार, वीजबिल किंवा नोकरीच्या ठिकाणचं पत्र
- मुलांसाठी जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, आणि पालकाचं संमतीपत्र
- एमबीबीएस डॉक्टरचं फिटनेस प्रमाणपत्र

प्रमाणपत्र आगाऊ काढून ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी ठरावीक नमुन्यातच लागतं, आणि तो नमुना प्रवेश-अर्जाच्या मागच्या पानावर छापलेला असतो. आधी अर्ज घ्या, मग डॉक्टरकडे जा. नाहीतर तपासणीचे पैसे दोनदा.

४. पोहणं

शब्दांपासून सुरुवात करू. नागपुरात नुसतं ‘तलाव’ म्हटलं की फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, सक्करदरा, सोनेगाव. पोहायचा तो ‘स्विमिंग पूल’ किंवा ‘जलतरण तलाव’. शहराच्या तलावांत आणि आसपासच्या धरणांत उतरायचं नाही. काठ उथळ दिसतो, दोन पावलांवर गाळ असतो, आणि गाळात पाय रुतल्यावर पोहता येणारा माणूसही वर येत नाही. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशा बातम्या येतात.

उन्हाळ्याच्या बॅचसाठी चौकशी फेब्रुवारीत, पैसे मार्चमध्ये. शाळांच्या परीक्षा संपल्या की सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅच भरतात. उरते ती दुपारची, जी कोणालाच नको असते. पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा: बॅच किती मिनिटांची (बहुतेक ४५ मिनिटांची, त्यात कपडे बदलणं धरतात का), साप्ताहिक सुट्टी कोणती, महिलांची वेगळी बॅच कधी, शिकवणाऱ्याची फी वेगळी का, आणि चुकलेले दिवस पुढे मिळतात का. शेवटच्याचं उत्तर जवळजवळ सगळीकडे ‘नाही’ असतं. ते आधी कळलेलं बरं.

पूल कसा आहे हे ऑफिसात बसून कळत नाही, काठावर जाऊन कळतं. खोल बाजूला उभे राहा आणि तळाची जाळी शोधा. तिचे गज स्पष्ट दिसले तर पाणी ठीक. पाणी निळं आहे पण जाळी दिसत नाही, तर त्या दिवशी उतरू नका. बुडालेला माणूसही तसाच दिसणार नाही. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, हा गैरसमज आहे. घाम, तेल आणि लघवी यांच्याशी क्लोरीन मिसळलं की तो वास येतो. म्हणजे जितका वास उग्र, तितकं पाणी मळलेलं. चांगल्या ठिकाणी फलकावर रोजची नोंद असते: पीएच ७.२ ते ७.८, मोकळं क्लोरीन एक ते तीन पीपीएम.

सामान म्हणून नायलॉनचा पोशाख, टोपी, गॉगल. सुती हाफपँट घालून गेलात तर दारातूनच परत. डोक्याला तेल लावून जाऊ नका, आधी शॉवर घ्या. आणि ‘पोहता येतं’ असं अर्जात लिहिलंत तर खोल पाण्यात चाचणी घेतील. गावच्या विहिरीत शिकलेल्यांना ती जड जात नाही, पण दम टिकवून एक पूर्ण लांबी मारता येते का, हे आधी स्वतःला विचारा.

५. चालणं आणि धावणं

सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्स हा पट्टा चालण्यासाठी शहरात सगळ्यात चांगला. रुंद रस्ते, जुनी झाडं आणि थोडा चढ. जिथे राहता तिथल्या बगीच्याला चकरा मारणार असाल तर एका चकरेचं अंतर फोनवर मोजून घ्या. छोट्या बगीच्यात दोनशे-अडीचशे मीटरच भरतं. पेव्हर ब्लॉकवर रोज धावू नका, गुडघे तक्रार करतात. कडेच्या मातीवर धावा, आणि दिशा एक दिवसाआड बदला, कारण छोट्या गोलात सतत एकाच बाजूला वळून एकाच पायावर ताण येतो.

मोजून धावायचं असेल तर मानकापूरच्या संकुलाचा सिंथेटिक ट्रॅक आहे. आतल्या लेनची एक फेरी ४०० मीटर. हळू धावणाऱ्याने आतली लेन अडवायची नसते. वॉर्मअप बाहेरच्या लेनमध्ये. साधे बूट चालतात, क्रिकेटचे किंवा फुटबॉलचे खिळ्यांचे बूट मुळीच नाही.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्समध्ये जागोजागी बॅरिकेड लागतात आणि यशवंत स्टेडियमच्या बाजूला मोर्चे असतात. ते दिवस रस्ता बदला.

६. बॅडमिंटन, आणि फुलं का तुटतात

हॉलची चौकशी सोपी आहे: तासाचा दर, कोर्ट लाकडी की सिमेंटवर मॅट, आणि छत किती उंच. नुसत्या सिमेंटवर रोज खेळू नका. नव्या माणसाची खरी तक्रार वेगळीच असते, ‘इथे फूल (शटल) दोन गेममध्ये संपतं.’ कारण हवा. मार्च ते जून हवा इतकी कोरडी असते की पिसं ठिसूळ होतात. डबा उघडण्याआधी संध्याकाळी उकळत्या पाण्याच्या वाफेवर त्याची दोन्ही तोंडं वीस-तीस सेकंद धरा, झाकणं लावा आणि डबा रात्रभर आडवा ठेवा. फूल ओलं व्हायला नको, नुसता दमटपणा लागला पाहिजे. दुसरं, गरम हवा विरळ असते, त्यामुळे फूल लांब जातं. डब्यावर वेगाचा आकडा असतो. हिवाळ्यात ७७ चालत असेल तर मे महिन्यात ७५ किंवा ७६ घ्या. नाहीतर मागच्या रेषेपर्यंत मारलेला प्रत्येक उंच फटका (क्लिअर) लाइनबाहेर, आणि दोष मनगटाला.

७. मैदान घ्यायचंय: क्रिकेट, कबड्डी, खो-खो

रविवारी सकाळी सहाला मैदान रिकामं दिसलं म्हणजे ते मोकळं असतं असं नाही. प्रत्येक ग्राउंडवर वर्षानुवर्षं येणारे ग्रुप असतात आणि त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, कुठेही न लिहिलेल्या. एक रविवार नुसता बघायला जा. कडेला चहावाला असतोच. त्याच्याकडे सगळं वेळापत्रक असतं.

स्पर्धा भरवायची असेल तर मात्र लेखी परवानगी घ्या. अर्जात तारखा, वेळ, खेळ, किती माणसं आणि मंडप टाकणार का, एवढं स्पष्ट हवं. सोबत मंडळाच्या नोंदणीची प्रत आणि दोन जबाबदार माणसांची आधार कार्डं. अनामत रक्कम वेगळी भरायची, तिची पावती वेगळी मागायची. ती हरवली तर परताव्याला जोडणार काय? भोंगा लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. रात्रीच्या सामन्यांसाठी महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या. खांबावर आकडा टाकून दिवे लावू नका. ओल्या मैदानावर पोरं अनवाणी असतात.

तारखा ठरवताना जानेवारी जपून. खासदार क्रीडा महोत्सवामुळे त्या दिवसांत बरीच मैदानं आणि हॉल आधीच गुंतलेले असतात. नव्या माणसाला मात्र हीच संधी: स्वतः भरवण्याऐवजी आधी एकदा त्यात खेळून बघा, शहरातले खेळाडू आणि पंच एका फटक्यात ओळखीचे होतात.

आता माती. नागपूरच्या बऱ्याच मैदानांखाली काळी माती आहे, आणि ती ओली असते तेव्हा फुगते, वाळली की फाटते. पावसानंतर वरचा थर कोरडा दिसतो म्हणून उतरू नका. टाच दाबून बघा, किंवा मूठभर माती घेऊन तळहातावर वळा. शेवयासारखी वळली तर अजून दोन दिवस थांबा. त्या ओल्या मातीवर एक सामना झाला की बुटांचे ठसे तसेच वाळतात आणि पुढचा महिनाभर चेंडू कुठेही उडतो. एप्रिलमध्ये उलटं. बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यात घोटा मुरगळतो. भेगांमध्ये बारीक चाळलेला मुरूम भरा, पाणी शिंपडा, एक रात्र जाऊ द्या, मग रोलर फिरवा. कोरडा मुरूम भरून लगेच रोलर फिरवला तर पहिल्याच पावसात तो आत बसतो आणि खड्डा तयार.

मापं टेपनेच घ्या, पावलांनी नाही. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब, ३.०५ मीटर रुंद. कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ बाय १०, महिलांसाठी १२ बाय ८ मीटर. खो-खो २७ बाय १६. व्हॉलीबॉल १८ बाय ९. चौकोन खरोखर काटकोनात आहे का हे बघायला दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले पाहिजेत. फक्की टाकायला चुना वापरू नका, घसरलेल्या खेळाडूच्या डोळ्यात आणि खरचटलेल्या जागी तो जळतो. खडूची किंवा दगडाची पांढरी पावडर घ्या.

बॉक्स क्रिकेटच्या खासगी टर्फवर दर तासाचा आणि पूर्ण टर्फचा असतो, माणशी नाही. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी पाऊस आला तर काय, हे मेसेजमध्ये लिहून घ्या.

८. सायकल

रामटेक हे नागपूरच्या सायकलवाल्यांचं ठरलेलं ठिकाण, एका बाजूने साधारण पन्नास किलोमीटर. मनसरपर्यंत जबलपूरचा राष्ट्रीय महामार्ग आहे, ट्रक भरपूर. पहाटेच्या अंधारात लाल दिव्याशिवाय निघू नका. समृद्धी महामार्गावर सायकल आणि दुचाकी दोन्हींना बंदी आहे. ‘नवा, मोकळा रस्ता आहे’ म्हणून तिकडे वळू नका. शहरात परतताना दमलात तर मेट्रोत सायकल घेता येते, फक्त गर्दीची वेळ टाळा.

रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे. पंक्चर काढताना ट्यूब नंतर, आधी टायरच्या आतून बोट फिरवा. काटा तिथेच राहिला तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर. आणि सोल्युशनची उघडलेली ट्यूब इथल्या उन्हाळ्यात वाळून जाते, दर मार्चमध्ये नवी घ्या.

डिसेंबर-जानेवारीत मात्र काट्यांपेक्षा मांजा घातक. संक्रांतीपर्यंत पतंगांचा जोर असतो, नायलॉन मांज्याला बंदी असूनही तो हवेत असतोच, आणि सायकलस्वाराच्या नेमक्या गळ्याशी येतो. मानेभोवती जाड दुपट्ट्याचे दोन वेढे, वेग कमी. मैदानावर लोंबकळणारा मांजा दिसला तर हाताने ओढू नका, कात्रीने कापा आणि गुंडाळून कचऱ्यात टाका.

९. पोरांना घेऊन

सोमवार सोडून कुठलाही दिवस. महाराजबाग आणि गोरेवाडा सोमवारी बंद असतात. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय २६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. सफारी बसमधून असते, पायी नाही, म्हणून लहान मुलाला खिडकीची जागा मिळेल अशी सकाळची पहिली फेरी धरा. रिक्षा करताना ‘काटोल रोडवरचं झू’ असं सांगा. नुसतं ‘गोरेवाडा’ म्हटलं की तलावावर सोडतील. तसंच अंबाझरीचं: तलावाजवळचं जुनं अंबाझरी उद्यान वेगळं, ७५० हेक्टरांवर पसरलेलं जैवविविधता उद्यान वेगळं. दुसऱ्यात भाड्याची सायकल घेऊन फिरा, पायी गेलात तर पोरं अर्ध्यात खांद्यावर येतात. पावसाळ्यात तिथे पायवाट सोडू नका. गवतात घोणस असते, ती पळून जात नाही, पडून राहते.

१०. काही बिघडलं तर

पहाटे मोकाट कुत्री टोळीने असतात. पळू नका, पाठ दाखवू नका, सायकलवर असाल तर उतरून सायकल मध्ये धरा. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांपैकी एकात जाऊन रेबीजची लस घ्या. पुढच्या तारखा कार्डावर लिहून देतात. दुसऱ्या सुईनंतर बरं वाटतं म्हणून पुढच्या सोडणारे बरेच. तुम्ही सोडू नका.

झोका, दिवा, तुटलेलं ड्रेनेजचं झाकण यांची तक्रार करताना ‘बगीच्याची अवस्था वाईट आहे’ असं लिहिलं तर कागद फिरत राहतो. असं लिहा: बगीच्याचं नाव, मालक, झोन, मुख्य फाटकातून आत उजवीकडचा दुसरा झोका, डाव्या साखळीची वरून तिसरी कडी झिजून अर्धी राहिली. दोन फोटो जोडा, एक कडीचा जवळून आणि एक लांबून पूर्ण झोक्याचा, मागे फलक दिसेल असा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. आणि दुरुस्ती होईपर्यंत तो झोका दांड्यावर गुंडाळून सुतळीने बांधून टाका, म्हणजे संध्याकाळी दुसऱ्या कोणाचं पोरगं त्यावर बसणार नाही.